आक्राहून आई-बाबांना

ती. आई व बाबा यांस,
जय ख्रिस्त.

बाबा, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर मद्य ओतणारी माणसे रविवारी उपासनेलाही जात असतील, तर त्यांना ख्रिस्ती म्हणावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. येथेही हा वाद मिटलेला नाही. २०२१च्या जनगणनेत घानातील ७१.३ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती सांगितला, तर पारंपरिक धर्म सांगणारे अवघे ३.२ टक्के निघाले. परंतु त्यावरून जुना धर्म संपत आला असे मी मानत नाही, कारण बारसे, लग्न आणि मृत्यू या प्रसंगी तो ख्रिस्ती घरांतच भेटतो.

आक्राचे मूळ रहिवासी असलेल्या गा लोकांपैकी शेजारच्या एका कुटुंबातील बाळाला आठव्या दिवशी पहाटे रीतीप्रमाणे घराबाहेर आणून त्याचे नाव ठेवले, तेव्हा मीही तेथे होते. पूर्वी या वेळी पूर्वजांना मद्याचे तर्पण करीत. या घरी पाळकांनी प्रार्थना केली आणि मद्याऐवजी फळांचा रस वापरला. नाव मात्र वडिलांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या क्रमानेच आले, आणि त्याला पाळकांनीही हरकत घेतली नाही. पूर्वजांना हाक मारायची नाही, पण त्यांचे नाव पुढे चालवायचे, ही तडजोड मला खोटी वाटत नाही.

या ओढाताणीचे मूळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या प्रोटेस्टंट बासेल मिशनने आक्रोपोंगसारख्या गावांत ख्रिस्ती झालेल्यांसाठी ‘सालेम’ नावाच्या वेगळ्या वस्त्या वसवल्या आणि त्यांना गावच्या सणांपासून दूर ठेवले. नगरकडच्या मिशन कंपाउंडांत वाढलेल्या तुम्हा दोघांना हे निराळे समजावून सांगायला नको. पुढे कॅथलिकांनी भिंत थोडी खाली आणली. कुमासीचे बिशप पीटर सारपोंग यांनी तेथील अशांती लोकांच्या परंपरेला उपासनेत मानाचे स्थान दिले. याउलट, आज शहरभर पसरलेल्या, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत सुटकेच्या प्रार्थना चालतात, त्यांत कुळाचा शाप, नदीचे देव आणि चेटूक यांना सैतानाची कामे म्हणून हाकलले जाते. म्हणजे जुन्या मिशनऱ्यांनी ज्यांना अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले, त्या शक्ती या मंडळ्यांना खऱ्या वाटतात. आपलेच आजी-आजोबा शापाचे कारण आहेत असे एखाद्या दुःखी माणसाच्या मनात भरवणे मला क्रूर वाटते, आणि हे मी आमच्या प्रार्थनागटातही स्पष्ट बोलले आहे.

होमोवो या सुगीच्या सणापूर्वी गा पुजारी धान्य पेरतात आणि त्यानंतर आक्रात साधारण महिनाभर ढोल व मोठा आवाज बंद असतो. १९९८पासून काही वर्षे यावरून मोठा संघर्ष झाला. गा तरुणांनी चर्चवर हल्ले केले, वाद्ये उचलून नेली. हिंसा निषेधार्हच होती. तरीही, उपासनेचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण गा लोक आपल्याच शहरात अल्पसंख्य झाले आहेत, त्यांच्या जमिनी राजधानीच्या वाढीत गेल्या आहेत, आणि शांततेचा तो महिना पाळण्याची मागणी हा त्यांचा या भूमीवरचा उरलेला हक्क आहे. चर्चनी त्या दिवसांत आवाज आपल्या आवारापुरता ठेवावा, या तोडग्यावर पुढे बोलणी झाली. मला विचाराल तर ढोल न वाजवता केलेली उपासना काही उणी ठरत नाही.

आई, रेव्हरंड टिळकांची भजने टाळ-मृदंगावर म्हणत तू आम्हाला वाढवलेस, म्हणून ढोलाचा नाद चर्चमध्ये आला की माझे मन बिचकत नाही. पूर्वजांचे मात्र मला अजून नीट उमगलेले नाही. बाबा, पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातील टाकांचे काय केले, ते कोणी विसर्जित केले की भावकीकडे ठेवले, आणि त्यावरून घरात काही बोलाचाली झाली का, हे तुम्हाला ठाऊक असेल तर सविस्तर लिहा.

तुमची लेक