जुना वाडा दिसला की पेशवेकालीन?

मा. संपादक, स.न.वि.वि.

जिल्ह्यातल्या जुन्या संरक्षित घरांवर काही छापून आलं की मी आवडीने वाचतो, पण दरवेळी वाडा पेशवेकालीनच कसा काय निघतो हे कळत नाही. अहो, गावातलं घर एकदा बांधलं आणि झालं असं नसतं. आधी माजघर, मग भाऊ वाढले की पडवी, दोन वर्षं पीक बरं आलं की माडी, असं ते पिढ्यान्‌पिढ्या वाढतच राहतं, म्हणजे एकाच घराची वयं तीन.

आणि पुरावा समोरच असतो. मंगलोरी कौलंच घ्या, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये काढला आणि पेशवाई संपली 1818 ला, त्यामुळे ते छप्पर काही पेशव्यांनी बघितलेलं नाही. पण म्हणून खालचं लाकूडही नवं असं नाही हां, कारण बऱ्याच ठिकाणी आधी मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर होतं, ते गळायला लागल्यावर कौलं चढली. खांबाला भलत्याच जागी रिकामी खोबण दिसली तर तो खांब दुसऱ्या घरातून आलेला असू शकतो. सागवान कोण टाकून देतंय!

खरी भीती डागडुजीची वाटते. एका वाड्यात (गाव सांगत नाही) मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं आणि खाली चकाचक फरशी घातली. आता भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, प्लास्टर फुगून पोपडे निघतायत, आणि लाकूड जमिनीपासून वर राहावं म्हणून खांबाखाली जो दगडी तळखडा होता तोच फरशीत गाडला गेला, म्हणजे वाळवीला आयती वाटच की. चुन्याचं काम जमणारे गवंडी कमी राहिलेत हे मान्य, पण म्हणून काहीही करायचं का?

चांदवडचा रंगमहाल होळकरांचा म्हणून आणि भगूरचं घर सावरकरांचं जन्मस्थान म्हणून लोक बघायला जातात, 28 मे 1883 ही तारीखही पाठ असते, पण त्या घराचा कुठला भाग तेव्हाचा आणि कुठला नंतरचा हे कोणी विचारत नाही. अशा प्रत्येक ठिकाणी दारातच घराचा नकाशा लावा, जुनं, नंतरचं, दुरुस्तीतलं वेगवेगळ्या रंगात दाखवा. आणि पुढची दुरुस्ती काढाल तेव्हा प्लास्टर मारायच्या आधी भिंतींचे फोटो तरी काढून ठेवा.

– एक वाचक, नाशिक