रजिस्टरात न सापडणारी माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावातले सामायिक संगणक केंद्र मी नऊ वर्षे चालवले. त्या काळात केंद्राची पाहणी तीनदा झाली. तिन्ही वेळा आलेल्यांनी आधी रजिस्टर मागितले: नाव, काम, वेळ, सही. नोंदी मोजल्या, मागच्या वर्षाशी ताडल्या, समोर बसलेल्या दोघा-तिघांना ‘समाधानी आहात का’ असे विचारले आणि तासाभरात मंडळी निघाली. केंद्रामुळे गावाचे काय झाले, हे असे कळत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्याच रजिस्टरातले सांगते. एक शेतमजूर बाई पेन्शनच्या कामासाठी आल्या. आयुष्यभराच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र ठसा घेईना. चौथ्या खेपेला काम झाले. रजिस्टरात चार नोंदी पडल्या आणि अहवालात चार ‘सेवा’ मोजल्या गेल्या. त्यांचे चार दिवसांचे काम बुडाले, त्याला मात्र रकाना नव्हता.

याच्या उलट एक मुलगी. आमच्याकडे अर्ज भरायला शिकली आणि पुढे स्वतःच्या फोनवरून आजूबाजूच्या दहा-बारा घरांची कामे करून देऊ लागली. तिचे येणे थांबले, त्या घरांचेही थांबले. त्या वर्षी आम्हाला ‘वापर घटला’ असा शेरा मिळाला. मला विचाराल तर नऊ वर्षांतले आमचे सर्वांत मोठे काम तेच. तसे मी लेखी कळवलेही, पण शेरा बदलला नाही.

पुद्दुचेरीजवळच्या वीरमपट्टणम या मच्छीमार गावाची गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने 1998 पासून त्या भागात माहिती केंद्रे उभी केली. वीरमपट्टणमच्या केंद्रात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेत आणि ध्वनिक्षेपकावरून गावाला ऐकवत. ते ऐकून होडी न काढणाऱ्या माणसाने केंद्राची पायरीही चढलेली नसेल. कुठल्या रजिस्टरात शोधणार त्याला?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी 2000 मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. बाजारभाव, जमिनीचे उतारे, तक्रार अर्ज, सगळे गावातल्या केंद्रातून. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. नंतरच्या अभ्यासांत मात्र वीज आणि जोडणीच्या अडचणी आणि अपेक्षेपेक्षा बराच कमी वापर पुढे आला. पुरस्काराच्या वर्षी जे दिसत नाही ते दोन-तीन वर्षांनी दिसते, म्हणून एकदाच येऊन गेलेल्या पाहणीवर माझा विश्वास नाही.

आपल्या कोल्हापूरकडच्या वारणा परिसराचेच पाहा. 1998 च्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात गावोगाव संगणक आले ते इंटरनेटने गावाचे रूप पालटेल या आशेने. पुढे संशोधकांनी नीट पाहिले, तेव्हा संगणकांचा खरा उपयोग ऊस उत्पादकांच्या साखर कारखान्याशी असलेल्या नोंदींपुरता उरल्याचे आढळले. मग काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले, आणि ते झाले. मूल्यमापन असे असावे. लोक प्रत्यक्षात काय करतात ते बघून त्यांनी यंत्रच बदलायची तयारी दाखवली.

न येणाऱ्यांबद्दल तर कोणी विचारतच नाही. आमच्याकडे पहिली दोन वर्षे बाया जवळपास येत नसत. त्यांना गरज नाही, असे मीही मानत होते. एके दिवशी एकीने सांगितले, दारातल्या बाकावर दिवसभर पोरे बसलेली असतात, त्यांच्यामधून आत कसे यायचे? बाक मागच्या बाजूला हलवला, दुपारचे दोन तास फक्त बायकांसाठी ठेवले. महिन्याभरात खोलीत जागा पुरेना. दोन वर्षांचे अपयश एका बाकात होते आणि ते मला कुठल्याच अहवालाने सांगितले नाही.

पाहणी करणाऱ्यांना माझी विनंती आहे, रजिस्टर शेवटी उघडा. आधी केंद्रापासून सर्वांत लांबच्या वस्तीत जा आणि जी घरे कधीच आली नाहीत त्यांच्याशी बोला. वर्षापूर्वी भरलेले वीस अर्ज काढा, त्यांतले किती मंजूर झाले, पैसे हातात पडले का, हे त्या माणसांनाच विचारा. केंद्र चालवणाऱ्याला महिन्याकाठी काय सुटते तेही बघा, कारण त्याचे पोट भरत नसेल तर तो फुकटची माहिती सांगत बसणार नाही, पैसे मिळतील तीच कामे करील. आणि बंद पडलेल्या केंद्रांच्या गावीही जा. पाहणी नेहमी चालू केंद्रांचीच होते. ज्या खोलीला कुलूप लागले, तिथले लोक आता त्याच कामासाठी कुठे जातात, किती वेळ मोडतात, हे त्यांच्याकडूनच कळेल.

आपली नम्र,
एक माजी केंद्रचालिका