ओटी चाचणीचा पिवळा रंग पुरेसा नाही

मा. संपादक,

पावसाळ्यात पंचगंगाकाठच्या गावांत जुलाबाची साथ आली की टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते, नळावर पाण्यातला क्लोरिन दाखवणारी ओटी चाचणी होते आणि पिवळा रंग दिसला की पाणी शुद्ध ठरते. जिवाणूंपुरते ते ठीक. जुलाब घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन असलेल्या पाण्यात त्याच्या ९९.९ टक्के पुटी (विष्ठेतून बाहेर पडणारे कवचबंद कण) मरायला सुमारे तीन आठवडे लागतात! टीसीएल वाढवून हे साधत नाही. उकळी फुटल्यावर पाणी एक मिनिट तसेच उकळू द्यावे.

साथ आली कुठून, हा प्रश्न तर बहुधा विचारलाच जात नाही. रंगवलेल्या शौचाच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली ४ ते ६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गुलाबी-लाल गोल दिसले की अहवालात 'क्रिप्टो' लिहिले जाते. पण माणसांत आढळणारी होमिनिस, दुधावरच्या वासरांत व माणसांतही आढळणारी पार्वम आणि थोड्या मोठ्या वासरांतली बोव्हिस या जाती तिथे सारख्याच दिसतात. फरक कळतो तो जनुकांवरून. शिवाय पार्वम सापडली म्हणून लगेच गोठ्याला दोष देऊ नये. जीपी६० या तिच्या एका जनुकावरून तिचे गट पडतात. त्यांतला 'टू-ए' वासरांकडून माणसांत येतो, तर 'टू-सी' माणसाकडून माणसाकडेच जातो. होमिनिस किंवा टू-सी निघाला तर आधी मैलापाण्याची गळती शोधावी, टू-ए निघाला तर गोठ्यांचे सांडपाणी पाहावे. जुलाबाचाच दुसरा परजीवी जिआर्डिया, त्याचेही तसेच: ए आणि बी गट माणसांत, ई मुख्यतः गुराढोरांत.

हे कळण्यासाठी शौचाचा किंवा शेणाचा नमुना नीट ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो आणि पुढची तपासणी फसते. २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, ४ अंश तापमानाला ठेवावा. डायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे घालायलाच हवेत. डीएनए काढण्याआधी नमुना पाण्याने धुऊन ते पूर्ण काढून टाकावे, नाहीतर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून करायची तपासणी) फसू शकते.

गोठ्यात धोका एक ते तीन आठवड्यांच्या वासरांचा. हगवण लागलेले वासरू वेगळे बांधावे, त्याचे शेण पाण्याच्या फवाऱ्याने ओढ्यात न ढकलता खरवडून खताच्या ढिगात घालावे. नेहमीच्या फिनेलने या पुटी मरत नाहीत. जमीन कोरडी ठेवणे आणि ऊन लागू देणे जास्त उपयोगी.

आमची मागणी एकच: साथीच्या गावात आरोग्य आणि पशुसंवर्धन विभागांनी रुग्णांचे, वासरांचे व पाण्याचे नमुने एकाच आठवड्यात घ्यावेत आणि त्यांची जनुकीय तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी.

– पाणी व पशुरोग तपासणीचे काम करणारे काही वाचक, कोल्हापूर