क्लब आणि काउंटी, दोन्हीकडचा कूपर

मा. संपादक,

क्रीडा पानावर परदेशी फुटबॉलपटूंच्या करारांचे आकडे रोज वाचायला मिळतात. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलबद्दल, म्हणजे हात आणि पाय दोन्ही वापरून खेळल्या जाणाऱ्या तिथल्या फुटबॉलबद्दल, मात्र कधी ओळभरही येत नाही. म्हणून कोलम कूपरविषयी चार शब्द लिहितो. तिथे लोक त्याला 'गूच' म्हणतात.

तांबूस केसांचा, अंगाने किरकोळ असा हा आघाडीचा खेळाडू 2002 मध्ये केरी काउंटीकडून (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) खेळू लागला. काउंटी संघांच्या 2004 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, मेयो काउंटीविरुद्ध, उंचावरून आलेला चेंडू त्याने हवेत झेलला, बचावपटूला हुलकावणी दिली आणि गोलरक्षकाच्या बाजूने तो अलगद जाळ्यात सारला. कुठेही घाई नाही! असा गोल तीन गुणांचा असतो, आडव्या दांडीवरून मारलेला चेंडू तेव्हा एका गुणाचा होता.

हा खेळ हौशी आहे. खेळाडूला पगार नाही, कूपर बँकेत नोकरी करायचा. क्लबही आपल्या गावाचाच. त्याचा क्लब किलार्नीचा डॉ. क्रोक्स. फेब्रुवारी 2014 मध्ये क्लबच्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. तरी तो परतला आणि 17 मार्च 2017 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर, क्लब संघांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, त्याने गोल केला. क्लब जिंकला. पुढच्याच महिन्यात त्याने काउंटीच्या संघातून निवृत्ती घेतली.

काउंटीची सगळी मानाची पदके मिळवूनही तो गावच्या क्लबासाठी झिजला, याचे मला फार अप्रूप वाटते. अशा खेळाडूंनाही आपल्या पानावर जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक