आधी चित्राची अवस्था, मग चित्रकाराचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील एखादे जुने धार्मिक तैलचित्र कोणाचे, हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच मोठ्या नावांवर आणि किमतीवर जाते. चित्र आज कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारणारे थोडेच. १९२१ मध्ये खुली झालेली कमाटी बागेतील चित्रवीथी बडोदेकरांच्या हाताशी आहे आणि इथल्या काही जुन्या घरांतही परदेशी तैलचित्रे आहेत, म्हणून हा मुद्दा मांडतो आहे.

येशूची आई मेरी हिच्या निळ्या वस्त्राचेच पाहा. सोळाव्या शतकात उंची निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडापासून करीत. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला. तो मूळ थरात सापडला तर चित्र सोळाव्या शतकातले नव्हे, हे उघड आहे. मात्र तोच रंग वरच्या डागडुजीतला असेल, तर त्यावरून मूळ चित्रकाराविषयी काहीच ठरत नाही. अतिनील दिव्याखाली जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि त्यावर मागाहून लावलेला रंग काळपट डागांसारखा उठून दिसतो. ही तपासणी होण्याआधी शैलीवरून केलेला निवाडा बऱ्याचदा डागडुजी करणाऱ्याच्या हातावरच बेतलेला असतो.

डब्लिनमधील जेझुइट पाद्र्यांच्या निवासात येशूच्या अटकेचे एक काळवंडलेले चित्र डच चित्रकार होन्टहोर्स्टच्या नावाने टांगलेले होते. १९९० मध्ये जुन्या चित्रांची निगा-दुरुस्ती करणारे संवर्धक सर्जिओ बेनेदेत्ती यांच्या नजरेस ते पडले. सफाई आणि अभ्यासानंतर ते थोर इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचे म्हणून मान्य झाले. माद्रिदमध्ये २०२१ साली स्पॅनिश चित्रकार रिबेराच्या वर्तुळातले, म्हणजे त्याच्या शिष्य-अनुयायांपैकी कोणाचे तरी म्हणून अवघ्या १,५०० युरोंपासून लिलावात येणारे काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूचे चित्र मागे घेतले गेले आणि २०२४ मध्ये काराव्हाज्जोचे म्हणून प्रादो संग्रहालयात लागले. याच्या उलट, लिओनार्दोचे म्हणून २०१७ मध्ये सुमारे ४५ कोटी डॉलरना विकल्या गेलेल्या ‘साल्व्हातोर मुंदी’ (जगाचा तारणहार) या येशूच्या चित्राचा वाद अजून मिटलेला नाही. त्यातील उजव्या हाताचा अंगठा आधी वेगळ्या जागी रंगवलेला होता, आणि नुसती नक्कल करणारा सहसा असा बदल करीत नाही, हा लिओनार्दोच्या बाजूचा पुरावा वजनदार आहे. पण ते चित्र ज्या लाकडी फळीवर आहे तिच्यावरील मूळ रंग इतका झिजला आहे आणि आज दिसणाऱ्या चित्रात आधुनिक संवर्धनाचा वाटा इतका मोठा आहे की, पाहणाऱ्याने नेमके कोणाचे काम पारखायचे, हाच प्रश्न उरतो.

‘कार्यशाळेतील’ असा शेरा पडला म्हणजे चित्र हिणकस, हा समजही सोडायला हवा. धार्मिक चित्रांना मागणी मोठी होती. चेहरे आणि हात गुरूने, वस्त्रे व पार्श्वभूमी शिष्यांनी रंगवावी, अशी कामाची वाटणी त्या काळी सर्रास चाले.

खरी हानी होते ती सफाईच्या हौसेने. शहरातील एका घरी मेरी आणि बाळाचे जुने चित्र फ्रेमवाल्याने ओल्या फडक्याने आणि बटाट्याच्या फोडीने ‘उजळून’ दिलेले मी पाहिले आहे. बाळाच्या गालावरची पातळ छटा निघून खालचा तपकिरी थर उघडा पडला होता आणि ओलाव्याने कडेच्या भेगांमधले रंगाचे पापुद्रे सुटले होते. ती छटा आता परत येणार नाही. आपल्या पावसाळ्यात कॅनव्हास आधीच सैल पडतो, त्यात पाणी लावणे म्हणजे पापुद्र्यांना आमंत्रणच. ज्यांच्या घरी अशी चित्रे आहेत त्यांनी ती स्वतः पुसू नयेत. आधी चित्राची पुढची आणि मागची बाजू, कडेचे खिळे, मागच्या चिठ्ठ्या यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि प्रशिक्षित संवर्धकालाच दाखवावे.

सार्वजनिक संग्रहांकडेही एक विनंती आहे. फलकावर चित्रकाराच्या नावाबरोबर ते कशाच्या आधारे दिले आहे, चित्राच्या कॅनव्हासला मागून नवे कापडी अस्तर केव्हा लावले आणि कोणता भाग नंतर रंगवलेला आहे, हे माहीत असेल तेवढे मराठी आणि गुजरातीत दोन ओळींत लिहावे. नाव पुढे बदलले तर जुने नावही वर्षासह तिथेच राहू द्यावे.

आपला,
एक वाचक, बडोदे