हायलाइट्सच्या टोपीबरोबर मराठीत एक कागद तरी द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरच्या मागच्या एका गुरुवारच्या पुरवणीत घरच्या घरी हायलाइट्स, म्हणजे केसांच्या निवडक बटा फिक्या रंगाच्या, कशा करायच्या त्यावर मजकूर आला होता. फोटो झकास होता, मुलगी पण गोड होती, पण खाली लिहिलेलं काय तर टोपी घाला, हुकाने बटा बाहेर काढा, ब्लीच लावा, धुऊन टाका. चार ओळी! मी बार्शीत बावीस वर्षं लेडीज पार्लर चालवते आणि त्या चार ओळी वाचल्या तेव्हाच म्हटलं की आता पंधरा दिवसांत कुणीतरी रडत येणार, तर पंधरा कुठले, सहाव्या दिवशीच आली.

साखरपुडा चार दिवसांवर आलेला. केस कमरेपर्यंत, काळेभोर आणि दाट, आमच्याकडं असे केस आता कमीच बघायला मिळतात. ओढणी डोक्यावरून काढली तर भांगाच्या दोन्ही बाजूला टाळूजवळ झेंडूच्या रंगाचे गोल गोल ठिपके, रुपया-रुपयाएवढे, आणि बाकी बट खालपर्यंत कुठं लाल कुठं काळीच. आई मागं उभी, ताई काहीतरी करा म्हणून. ऑनलाइन मागवलेली टोपी, सोबत हूक, ब्लीचची पुडी आणि त्यात कालवायच्या डेव्हलपरची म्हणजे पेरॉक्साइडची बाटली, सगळं एका डब्यात. डबा बरोबर आणला होता म्हणून मी वाचला. सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरात, त्या पण अशा की वाचून कळतं हे मुळात तपकिरी-सोनेरी केसांच्या लोकांसाठी लिहिलंय.

पोरीची चूक एवढीच की तिला कुणी हत्याराबद्दल सांगितलं नाही. आमच्या घरात हा शब्द चालतो. माझे आजेसासरे धोकटी घेऊन गावोगाव फिरायचे, ती धोकटी अजून आमच्या दुकानात खिळ्याला आहे, आत वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, वाटी आणि चामड्याचा पट्टा. त्यांचं म्हणणं होतं म्हणे की आधी हत्यार हातात बसलं पाहिजे, मग गिऱ्हाईक समोर. आता कलरच्या जाहिराती येतात त्यात शेड किती, चमक किती, अमोनिया आहे की नाही हे सगळं असतं, पण रंग नेमका कुठल्या केसाला लागणार आणि कुठल्या नाही हे ज्या वस्तूनं ठरतं तिच्याबद्दल एक अक्षर नसतं. सगळे केस रंगवायचे तर ब्रश फिरवला की झालं हो, निवडक बटा रंगवायच्या म्हणजे खरं काम बाकीचे केस वाचवायचं आहे.

टोपीचंच सांगते. ही रबराची नाहीतर सिलिकॉनची असते, डोक्याला घट्ट बसली पाहिजे, बोटानं ताणून सोडली तर चट्कन परत बसली पाहिजे. तिच्यावर बारीक भोकं असतात नाहीतर भोकांच्या खुणा असतात. घालायच्या आधी केस कोरडे पाहिजेत, गुंता एक पण नको, आणि टोपीच्या आत थोडी टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे केस ओढताना चिकटत नाही. मग हूक. हा म्हणजे आपल्या क्रोशाच्या सुईचा भाऊच, ज्यांनी लोकरीची, दोऱ्याची तोरणं विणली आहेत त्यांच्या हाताला तो लगेच जमतो. हूक उभा खुपसायचा नाही, टोपीला लागून आडवा सरकवायचा, टाळूला टोचता कामा नये, आणि एका भोकातून जेमतेम दहा-बारा केस काढायचे. त्या पोरीनं काढली होती बोटाएवढी बट. भोक ताणलं, मोठं झालं, ब्लीच फुगून त्यातून आत उतरलं आणि टाळूजवळ पसरलं. ठिपके का पडले याचं सगळं उत्तर एवढंच आहे. त्यात तिचे केस कमरेपर्यंतचे, तेवढा लांब केस बारीक भोकातून ओढायचा म्हणजे तो गुंततो, ताणतो, तुटतो. टोपी ही आखूड केसांची वस्तू आहे, मानेपर्यंतचे केस नाहीतर पोरांचे केस, तिथं ती आजही माझ्याकडं पहिली पसंती आहे. नवीन शिकून आलेल्या मुली टोपीला नावं ठेवतात, जुनाट म्हणतात, पण कॉलेजच्या पोराच्या डोक्याला पाऊण तासात एकसारखे हायलाइट्स करायचे तर मला टोपीच द्या.

लांब केसाला फॉइल. आता फॉइल म्हटलं की लोक चपात्या गुंडाळायचा रोल कापून घेतात, तो पातळ असतो, कंगव्याच्या टोकानं फाटतो आणि मधेच घसरतो. पार्लरचं फॉइल जरा जाड येतं, काहीवर दाणेदार नक्षी असते ती घसरू नये म्हणून. फॉइलचं एक टोक बोटभर दुमडून कडक करायचं, त्या दुमडीत टेल कोमची दांडी धरून ते टाळूपाशी सरकवायचं. टेल कोम म्हणजे तो लांब शेपटीचा कंगवा, आमच्या धंद्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याच्या शेपटीनं केसांची पातळ आडवी पाती काढायची आणि मग शेपटी त्या पातीत वर-खाली, वर-खाली अशी नेत विणत जायचं, वर आलेले केस फॉइलवर घ्यायचे, खाली राहिलेले सोडून द्यायचे. वीण जितकी बारीक तितका हायलाइट नैसर्गिक दिसतो, जाड विणली की झेब्रा! न विणता अख्खी पाती घेतली तर ठळक पट्टा येतो, तो पण काहींना हवा असतो, तो त्यांचा प्रश्न. ब्लीच टाळूपासून बोटभर लांब सुरू करायचं आणि फॉइलच्या वरच्या कडेपर्यंत आणायचं नाही कारण ते काम करताना फुगतं आणि जागा मिळेल तिकडं पसरतं. घडी घातली की आत ऊब राहते आणि ओल राहते. ब्लीच वाळलं की त्याचं काम थांबतं हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं, त्या पंख्याखाली तासभर बसून राहतात आणि मग म्हणतात रंग उघडलाच नाही, म्हणजे केस फिका झालाच नाही.

अर्ध्या डोक्याला मला तीसेक फॉइल लागतात. पहिलं फॉइल लावल्यापासून शेवटचं लावेपर्यंत पाऊण तास सहज जातो, म्हणजे पहिली बट आणि शेवटची बट यांच्या वेळेत तेवढा फरक पडला की नाही? म्हणून मी अख्ख्या डोक्याचं एकदम कधी कालवत नाही, थोडं थोडं ताजं कालवते, आणि दर दहा मिनिटांनी पहिली फॉइल उघडून बोटानं ब्लीच पुसून खाली काय रंग आलाय ते बघते. घड्याळ बघून नाही, केस बघून थांबायचं. घरी एकटी बाई स्वतःच्या मागच्या केसाला हे कसं करणार ते तुम्हीच सांगा.

हायलाइट्सचा तिसरा प्रकार बालयाज, त्याबद्दल फार लिहीत नाही, त्याला टोपी नको फॉइल नको, एक हातात धरायची पाटी आणि ब्रश, फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ झाडू मारणं असा आहे आणि काम खरंच तसंच आहे, बटेवरून ब्रश झाडत खाली न्यायचा. दिसायला सोपं. मला जमायला दोन वर्षं गेली.

आता त्या डब्यातल्या बाटलीकडं येते. त्यावर ४० व्हॉल्यूम लिहिलेलं होतं. व्हॉल्यूम म्हणजे काय तर एक लिटर पेरॉक्साइडमधून किती लिटर ऑक्सिजन निघेल तो आकडा, १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. मुलींना वाटतं आपला केस काळा म्हणून सगळ्यात स्ट्राँग घ्यावं. काळा केस उघडतो तो पायऱ्या-पायऱ्यांनी, आधी तांबूस, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळा, ही वाट कुणालाच चुकवता येत नाही. आमच्याकडं शेडचे नंबर १ पासून १० पर्यंत असतात, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका, आणि इथल्या बहुतेक बायकांचे केस १ ते ३ मधले. तिथून फोटोतल्या ८-९ नंबरला एका बैठकीत जायचं म्हणजे केसाचा कडबा करायचा. मी २० वर हळूहळू नेते, दोन-तीन बैठका लागल्या तर लागू देत, आणि नारिंगी आला की त्यावर टोनर, म्हणजे ती नारिंगी छटा मारणारा रंग. टाळूजवळ तर अंगाच्या गरमीनं काम आपोआपच पटपट होतं, तिथं ४० लावणं म्हणजे जखमेलाच आमंत्रण.

आणि वाटी! त्या पोरीनं सगळं स्टीलच्या वाटीत कालवलं होतं, आमटीच्या. प्लास्टिकची नाहीतर काचेची वाटी घ्या हो, काही धातूंनी पेरॉक्साइड लवकर मोडतं, मग त्याचा जोर वाटीतच जातो. आता कुणी म्हणेल मग फॉइल पण धातूच की, तर अॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून ते गप बसतं. हा प्रश्न मला माझ्या मुलानं बारावीत असताना विचारला होता आणि उत्तर पण त्यानंच शोधून आणलं होतं, मला आपलं एवढंच माहीत होतं की फॉइल चालतं.

मेहंदीचं वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्याकडं घरोघरी लावतात. शुद्ध मेहंदी एक वेळ ठीक, पण काळी मेहंदी म्हणून जे मिळतं त्यात काय काय असतं ते देवाला माहीत, काहीत धातूचे क्षार असतात आणि त्यांच्यावर ब्लीच गेलं की केस गरम होतो, वाफ येते, तुटून हातात येतो. मी हे एकदा डोळ्यांनी बघितलंय, त्या दिवसापासून नवीन गिऱ्हाइकाच्या कंगव्यातले दहा-वीस केस रबरबँडनं बांधते आणि वाटीत २० व्हॉल्यूममध्ये अमोनियाचे थोडे थेंब टाकून त्यात अर्धा तास बुडवून ठेवते. वाटी गरम लागली नाहीतर बुडबुडे आले की काम बंद. कितीही चिडली, दुसऱ्या पार्लरला गेली तरी चालेल.

आता माझं खरं म्हणणं. आपल्या देशात केसांच्या डायला नियम आहे. पॅराफेनिलीनडायअमीन नावाचं रसायन असलेल्या डायच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेबलवर सावधानतेची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत पाहिजे, आणि तो डाय अंगाला सोसतो का याची चाचणी कशी करायची ते पण आत लिहिलेलं पाहिजे, कानामागे नाहीतर कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावायचा, २४ तास थांबायचं, दर वेळेला लावायच्या आधी हे करायचं, आणि भुवया-पापण्यांना तो डाय अजिबात लावायचा नाही, डोळे जाऊ शकतात. किती चांगला नियम आहे बघा. पण टोपी, हूक आणि ब्लीचचा जो डबा विकला जातो त्याबरोबर मराठीत काहीच येत नाही, निदान माझ्या हातात आलेल्या एकाही डब्यात नव्हतं. अन्न व औषध प्रशासनातल्या साहेबांनी हे बघावं, डब्यात मराठीत एक पानभर कागद सक्तीचा करावा, आणि त्यावर ही टोपी किती लांब केसांसाठी आहे, भोकातून किती केस काढायचे, काळ्या केसाला कितवा व्हॉल्यूम, ब्लीच चेहऱ्याजवळ कालवताना मास्क लावायचा, एवढं तरी असावं. मास्कचं गमतीनं म्हणत नाही, त्या पावडरीत परसल्फेट असतं, त्यानं दमा होऊ शकतो. मला स्वतःला पाच-सहा वर्षांपासून कालवताना ढास लागते.

आणि आपल्याला एक विनंती, रागावू नका. पुढच्या पुरवणीत त्याच जागी टोपीचं आणि फॉइलचं नीट चित्रांसकट छापा, हवं तर मी माझ्या दुकानात फोटो काढू देते, मॉडेल म्हणून माझी सून बसेल, तिचे केस आखूड आहेत.

त्या पोरीचं काय केलं ते राहिलंच. पहिल्या दिवशी तिला हातच लावला नाही, फक्त कानामागे डाय लावून घरी पाठवली, आई नाराज झाली की चारच दिवस आहेत आणि तुम्ही एक दिवस वाया घालवताय. दुसऱ्या दिवशी कानामागे काही आलेलं नव्हतं, मग एकेक ठिपका बारीक ब्रशनं नैसर्गिक तपकिरीनं भरत गेले, त्रेचाळीस ठिपके मोजले मी. खालच्या अर्धवट बटांना टोनर, आणि तुटलेलं टोक कापलं, चार बोटं लांबी गेली. साखरपुड्याला अंबाडा घातला, वर दोन पदरी गजरा, कुणाला काही कळलं नाही. आता केस महिन्याला अर्धा इंच वाढणार, ते ठिपके तसेच खाली सरकत येणार, तपकिरी मधेच उतरणार, म्हणून तिला दर सहा आठवड्याला बोलावलंय. लग्न वैशाखात आहे. तोवर ब्लीच नाही म्हणून आईसमोर कबूल करून घेतलंय, पण जाताना दारात थांबून हळूच विचारलंन, ताई, लग्नानंतर फॉइलवाले करता येतील ना?

आपली नेहमीची वाचक,
एक पार्लरवाली, बार्शी