त्या डब्याबद्दल तुलाच लिहायचं होतं

प्रिय ठमे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. तिसरं तू पाठवलंच नाहीस, बरोबर केलंस. मी ठीक आहे. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा जिना उतरताना दुखतो, बाकी काही नाही. दोनदा फोन करायला घेतला आणि ठेवून दिला, कारण हे मला धड बोलता आलं नसतं. आणि दुसऱ्या कुणाला सांगावं तर तो म्हणणार, ‘एवढं काय, सुई तर टोचली.’

आमच्या वॉर्डातल्या मावशींना सुई टोचली.

सोमवारी रात्री नऊच्या सुमारास. कचऱ्याची पिशवी बांधायला घेतली आणि आतली सुई ग्लोव्हमधून मधल्या बोटात गेली. मला कळलं गुरुवारी सकाळी सातला. मध्ये 58 तास गेले. एचआयव्ही रोखायची ती औषधं जितक्या लवकर तितकी बरी, आणि 72 तासांनंतर सुरूच करत नाहीत, हे तुला मी काय सांगायचं. त्या 58 तासांत मावशी रोज ड्यूटीवर होत्या. माझ्यासमोरून बेडपॅन घेऊन गेल्या, मला पाण्याची बाटली भरून दिली. बोटाला चिकटपट्टी होती. मी ती पाहिली होती, ठमे. पाहिली आणि विचारलं नाही.

सांगितलं ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका पोरीने. मावशींनी तिला आडून आडून विचारलं होतं, “सुई लागली तर काय होतं गं?” तिला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी पाळी बदलतानाचा हँडओव्हर लिहीत होते, मान वर न करता म्हटलं, “काय ते पटकन बोल.” त्यावर ती परत जायला वळली होती. गेली असती तर? गेले आठ दिवस मी याच्यापुढे जात नाहीये.

मग पळापळ. डॉक्टरांना बोलावलं, मावशींचं रक्त घेतलं, औषधाचा पहिला डोस समोर उभं राहून दिला. सुई कुठल्या पेशंटची ते कळायला मार्गच नाही. बोट पिळून रक्त काढलं होतं त्यांनी, वर स्पिरिट ओतलं होतं. साबण आणि वाहतं पाणी, पिळायचं नाही, हे आपण दरवर्षी सगळ्या बॅचेसना शिकवतो. मावशींना कुणी शिकवलंच नव्हतं. हिपॅटायटिस बीची लससुद्धा नाही, कारण त्या काँट्रॅक्टवर आणि यादी कायम स्टाफची. पेशंट पॉझिटिव्ह असला तरी एचआयव्हीचा धोका 300 टोचण्यांत एक, हे मीच त्यांना धीर द्यायला सांगत होते आणि मनात हिशेब चालला होता तो बीचा. लस नसलेल्या माणसाला, पेशंट पॉझिटिव्ह असला तर, 6 ते 30 टक्के. त्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, आणि लसीचा पहिला डोस दिला. सात दिवसांच्या आत होतो, एवढंच.

फॉर्म भरताना पहिल्या रकान्यात पूर्ण नाव होतं. मी पेन धरून बसले. सहा वर्षं एका वॉर्डात, ठमे, आणि मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं.

‘मला का नाही सांगितलं?’ हे विचारायची हिंमत मला संध्याकाळी झाली. मावशी म्हणाल्या, “तुम्ही चिडाल म्हणून, सिस्टर.” जरा थांबून पुढे म्हणाल्या, “पिशवी दाबली म्हणून माझीच चूक निघाली असती. आम्हाला उद्यापासून येऊ नको म्हणायला कितीसा वेळ लागतो?”

तुम्ही चिडाल म्हणून. हेच वाक्य हॉस्टेलच्या खोली नंबर अकरात रात्री दोनला तू माझ्याशी बोलली होतीस, मोठ्या बाईंबद्दल. सुईचं टोपण परत घालताना टोचलं तेव्हा. मला शपथ घातलीस आणि मी सकाळी सहाला बाईंच्या दारात. मग तीन महिने अबोला. तू गादी उचलून तेरा नंबरला गेलीस, जाताना माझी निळी छत्री घेऊन गेलीस, ती अजून आलेली नाही. रिपोर्ट नीट आला त्या दिवशी पहिलं वाक्य काय बोललीस आठवतं? ‘तरीही तू सांगायला नको होतंस.’ बावीस वर्षं मी यावर भांडतेय, आजही भांडेन. सांगितलं ते बरोबरच केलं. पण तुला सोबत न घेता, तुझ्या पाठीमागे गेले, ते चुकलं. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणतेय.

आणि तू निदान मला तरी सांगितलंस. मावशी माझ्याकडे येऊ शकल्या नाहीत. आपण दोघी गच्चीवर बसून ठरवायचो ना, कधी मोठ्या बाई झालो तरी त्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून? मी आवाज चढवत नाही गं. मला वाटायचं तेवढ्याने भागतं. पण मान वर न करता ‘पटकन बोल’ म्हटलं की समोरच्याला तेच ऐकू जातं.

आता डब्याचं. सुया टाकायचा डबा पाऊण भरला की बदलायचा, हा नियम मी झोपेतही म्हणून दाखवेन. तो डबा शनिवारपासून काठोकाठ होता. मी जाता येता बघत होते. स्टोअरमध्ये मागणी पाठवलेली होती, डबे आले नव्हते, आणि मी दुसऱ्यांदा फोन केला नाही. त्यात सोमवारी संध्याकाळी आठ नंबरचा पेशंट अचानक कोसळला. चार जणांचे हात एका वेळी चालू, कुणी काय कुठे टाकलं ते कुणाला आठवत नाही. मलाही आठवत नाही. मीही दोन इंजेक्शनं भरली होती. ती सुई माझी असू शकते. हे मी अजून कुणाला बोललेले नाही.

त्या डब्याच्या बरोबर वर भिंतीवर नवा तक्ता लावलाय, तू पाठवलेला. आत्ता काय घडतंय, मागे काय झालं होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. अमेरिकेच्या नौदलात अणुपाणबुड्यांवर ही पद्धत होती, तिथून दवाखान्यात आली, हे तू मला केवढ्या कौतुकाने लिहिलं होतंस. मी पोरींकडून घोकून घेतलं. डॉक्टरांना फोन करताना आता त्या मुद्द्याचं बोलतात, पूर्वीसारखं ‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये’ नाही. फोनवर सांगितलेला डोस परत म्हणून दाखवतात. याचा फायदा झाला, खरंच झाला. पण ते सगळं आमच्याकडून वर जाणारं बोलणं आहे. खालून माझ्यापर्यंत काही यायला मी वाटच ठेवली नव्हती.

तू एलेन ब्रॉमिलीची हकिगत पाठवलीस तेव्हाच खरं तर उत्तर लिहायला बसले होते. 2005 साली इंग्लंडमधली ती बाई, सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेलेली. भूल दिल्यावर श्वासाची वाट सापडेना, अनुभवी डॉक्टर नळी घालायची धडपड करत राहिले, आणि नर्सने गळ्याला छेद द्यायचं सामान आणून तयार आहे म्हणून सांगितलंही होतं. दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला, पण डॉक्टरांच्या नजरा बघून तिला वाटलं आपलंच काहीतरी जास्त होतंय, आणि तो रद्द केला. बाई तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन पायलट. त्याने बदला मागितला नाही, विमानात असं झालं की चौकशी होते तशी इथेही करा म्हणाला, आणि 2007 मध्ये त्यासाठी संस्था काढली. ते वाचून मी त्या नर्सेसच्या जागी स्वतःला बघून रडले होते. त्या खोलीतले डॉक्टर म्हणजेही मीच असू शकते, हे मनात आलं नाही. आता तेवढंच येतं.

आणि ते रजिस्टर! सुई टोचल्याची नोंद करायचं. चौदा महिने कोरं. तपासणीला आलेल्यांसमोर मी ते पान स्वतः उघडून दाखवलं होतं, त्यांनी शाबासकी दिली. तू एमी एडमंडसनच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतंस ते मला तेव्हा उलटं वाटलं होतं, आठवतं? नव्वदच्या दशकात तिने हॉस्पिटलांतल्या टीम तपासल्या, चांगल्या टीमच्या चुका कमी असतील म्हणून, तर त्यांच्याकडे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण तिथली माणसं बोलत होती. मी तुझ्याशी वाद घातला होता. माझं कोरं पान तेव्हा माझ्या टेबलावरच होतं. आता त्यात पहिली नोंद मावशींची, आणि चार दिवसांत खाली आणखी दोन आल्या. एक नोंद गेल्या वर्षीची आहे, आपल्या लंबू ब्रदरची. तोच, जो पहिल्या इंजेक्शनला पेशंटच्या आधी आडवा झाला होता. त्यालाही टोचली होती आणि तोही गप्प बसला होता. मला! लंबू मला घाबरतो, ठमे! हसलीस ना? मीही हसले, मग रडले.

शनिवारपासून हँडओव्हरला मावशींनाही उभं करते. आधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या यादीत आहे. थिएटरमधल्या लोकांना ते पोरकट वाटतं, मलाही वाटायचं. आता मी त्यावर अडून बसते. मग मी विचारते, कालपासून कुणाला काय लागलं, काय लागता लागता राहिलं, कुठला डबा भरत आलाय. पहिल्या दिवशी कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मीच बोलले, शनिवारपासून भरलेल्या डब्याचं आणि न केलेल्या फोनचं. पाय कापत होते. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, “डबा दाराशी कशाला? सुई तर खाटेशी टोचता. तिथून दारापर्यंत उघडी घेऊन चालता, मग वाटेत ट्रेमध्ये राहून जाते, ट्रे आम्ही रिकामा करतो.” सहा वर्षं त्या हे बघत होत्या. आता डबा ट्रॉलीवर असतो, हाताच्या अंतरावर.

स्टोअरचं मात्र अजून तसंच आहे. बाकीच्या काँट्रॅक्टवाल्यांच्या लसीसाठी लेखी दिलंय, वरून ‘बघतो’ आलंय. उद्या परत जाणार आहे. बघत बसू देणार नाही.

तुझं कसं चाललंय? सासूबाईंचा डोळा झाला ना? लेकीचा निकाल मला दुसरीकडून कळला, रागावले नाही, तिला माझ्याकडून पाठीत एक धपाटा आणि शाबासकी. नव्या कॉलेजात शिकवताना आवाज बसतो म्हणाली होतीस, माइक घे, हट्ट सोड. 

आता जे मागायला एवढं लिहिलं ते. मावशींचा आज औषधाचा नववा दिवस. 28 पूर्ण करायचे आहेत. मळमळ खूप होते, काल म्हणाल्या की एक गोळी लपवून ठेवली होती, मग रात्री घेतली. घरी सांगितलेलं नाही. सहा आठवड्यांनी पुढची तपासणी, मग आणखी एक. माझ्याशी त्या बोलतात, पण अजून माझ्या चेहऱ्याकडे बघून शब्द निवडतात, ते मला कळतं. ते जायला वेळ लागेल.

तू ती औषधं 28 दिवस घेतली आहेस. बादली उशाशी ठेवून घेतलीस, घरी न सांगता, माझ्याशी न बोलता. रविवारी दुपारी तीनला माझ्या फोनवर फोन कर. मी तो मावशींच्या हातात देईन आणि खोलीबाहेर जाईन.

तुझी,
अकरा नंबरमधली